धुऱ्याची अलीकडची बाजू

आश्विन लागला की गोंदियाच्या बाजारात खेकडे येतात. तलावाकडच्या बाया डोक्यावर झाकलेल्या टोपल्या घेऊन येतात आणि स्टेशनच्या रस्त्याला सावली धरून बसतात. काल आमच्या सुनेने तसेच आणले, गवताच्या दोरीने पाय बांधलेले. ती शहरात वाढलेली, तिच्या लेखी खेकडा म्हणजे रस्सा. मी मात्र त्यांच्या पाठीवरचा वाळका चिखल बघत बसले आणि जेवायची वेळ झाली तेव्हा भूक नाही म्हणाले. सासूचं पोट बिघडलं असं समजून तिने मला ओव्याचं पाणी करून दिलं. मी ते पिऊनही टाकलं.

या दिवसांत मला घरात करमत नाही. मुलगा रेल्वेत लागल्यापासून आम्ही गोंदियाला राहतो. इथे भोंगे, धूर, गिरण्यांचा कोंडा आणि सगळ्यांच्या तोंडी हिंदी. पण संध्याकाळी कुडवा गावाच्या बाजूला चालत गेलं की धान लागतं. आश्विनातल्या धानाला एक वास असतो. फुलाचा म्हणावा तर नाही, दुधाचा म्हणावा तर तसाही नाही. लोंब नुकती बाहेर पडलेली असते, दाणा दोन बोटांत दाबला की पांढरा थेंब निघतो. या पंधरवड्यात बांधीत पाणी उभं असलं तर तो थेंब तांदूळ होतो, नसलं तर नुसता कोंडा राहतो. पंधरा दिवसांचा खेळ असतो सगळा. आमच्या तरुणपणी या पंधरा दिवसांत माणसं एकमेकांकडे नीट बघत नसत, सगळ्यांचे डोळे पाण्याकडे असत.

बांधी म्हणजे धानाचा चौकोनी तुकडा. एका बांधीतून दुसरीत पाणी जाऊ नये म्हणून मध्ये मातीचा हातभर उंच बांध, त्याला आम्ही धुरा म्हणायचो. धुरा दोन्हीकडच्या माणसांचा, पण तो राखायचा कोणी, याचा नियम पक्का होता. वरच्या बांधीवाल्याने राखायचा. लोंबी पडायच्या दिवसांत त्याने रोज सकाळी धुऱ्यावरून टाच दाबत दाबत चालायचं. जिथे टाच रुतेल तिथे खाली खेकड्याने घर केलंय असं समजायचं आणि तिथल्या तिथे चिखलाने बुजवायचं. खेकडा वरच्या पाण्यातून शिरतो आणि पोखरत पोखरत खाली निघतो. तोंड वरच्या बाजूला, गवताच्या बुडाशी, दिसत नाही. दिसतं ते खालच्या बाजूचं भगदाड, कारण पाणी तिथून बाहेर पडतं. हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. मलाही ठाऊक होतं.

नागरा गावाच्या पुढे दोन कोसांवर आमची टोली होती, ख्रिस्ती लोकांची अकरा घरं. मोठ्या दुष्काळात मिशनने जी अनाथ पोरं सांभाळली, त्यांतल्या काहींना मोठेपणी तिथे जमीन करून दिली होती. मी त्यांतलीच. राहेलही त्यांतलीच. बोर्डिंगात आम्ही दोघी सहा वर्षं एका चटईवर झोपलो. तिला उवा झाल्या की मला व्हायच्या, मला खरूज झाली की तिला. पुढे मला मास्तर नवरा मिळाला आणि तिला शेतकरी. तिचा नवरा चौथ्याच वर्षी गेला. मूलबाळ नव्हतं. ती आणि तिची सासू, अशा दोघी ती दीड बांधी कसत. आमची बांधी वर, त्यांची खाली, मध्ये एक धुरा.

मी हुशार होते, आणि हे मला कोणी सांगावं लागत नव्हतं. टोलीतल्या बायका मला मास्तरीणबाई म्हणत. मी त्यांच्यासारखं बोलत नसे. बोर्डिंगात शिकलेली शुद्ध भाषा मी लग्नातल्या लुगड्यासारखी जपून वापरायची. दर बुधवारी मी त्यांचा शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, वर्ग घ्यायची. एकदा मी भावाच्या डोळ्यातल्या कुसळाचा आणि आपल्या डोळ्यातल्या मुसळाचा धडा घेतला, आणि नीट समजावा म्हणून राहेलच्या घरचं मुसळ आणून सगळ्यांसमोर डोळ्याला लावून दाखवलं.

राहेल हसून म्हणाली, "तुया धड्यापायी माया घरचा धान कांडायचा रायला वो एस्तेर."

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण मनात म्हटलं, हिला गांभीर्य नाही.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एक रीत होती. ती मिशनच्या गोऱ्या साहेबांनी आपल्या मुलखातून आणली होती, असं म्हणत. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटून खाणं, वर्षातून तीनदा व्हायचं, पाळकसाहेब, आमचे पाद्री, बैलांच्या दमणीत बसून यायचे तेव्हा. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तयारीची सभा. सगळ्यांनी आपापली झडती घ्यायची, कोणाशी भांडण असेल तर मिटवायचं, आणि मग मंडळीचे वडील, म्हणजे पंच, योहानबा एकेकाच्या हातात पत्र्याचा लहानसा बिल्ला ठेवायचे. रविवारी तो बिल्ला दाखवणाऱ्यालाच मेजाशी बसता येई. ज्याला मिळाला नाही त्याने भाकर मोडायच्या आधी उठून बाहेर जायचं. अकरा घरांची टोली, त्यामुळे कोण उठलं ते झाडावरच्या कावळ्यालाही कळायचं. आम्हांला ना गाव होतं ना जात राहिली होती. माणूस म्हणून आपली जागा काय, ते त्या मेजावरून ठरायचं. म्हणून तो बिल्ला न मिळणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळणार नाही.

ज्या आश्विनाबद्दल मी बोलते आहे तो मानमोडीच्या तापाची साथ आली त्या वर्षाचा. तिकडे मोठी लढाई संपत आली होती आणि इकडे पाऊस भाद्रपदातच पाठ फिरवून गेला होता. तलावात चिखलावर वीतभर पाणी. प्रत्येकाला एकेक पाळी मिळाली, पुन्हा मिळेल की नाही त्याची खात्री नव्हती. राहेलची पाळी आधीच होऊन तिचं पाणी आटलं होतं; माझी पाळी गुरुवारी आली. मी उभी राहून बांधी भरून घेतली, पाटाचं तोंड बांधलं आणि घरी आले. मास्तर पाळकसाहेबांना आणायला गेलेले. मी त्या आठवड्यात घरोघर फिरत होते. शनिवारच्या सभेसाठी बायकांची मनं तयार करत होते. कोणाला सांगत होते, राग सोड. कोणाला सांगत होते, चहाडी सोड. सहा दिवस मी धुऱ्यावर पाय ठेवला नव्हता.

शनिवारी सकाळी गेले तर माझी बांधी रिकामी. धानाची बुडं उघडी पडलेली, त्यांच्यामधून चिमण्या चालत होत्या. आणि खाली राहेलच्या बांधीत घोट्याएवढं पाणी चकाकत होतं. धुऱ्याच्या तिच्या बाजूला मुठीएवढं भगदाड, ओलं. मी वाकून पाहिलं ते भगदाड. त्याच्या शेजारी तिच्या पावलांचे ठसेही पाहिले. आपल्या बांधीशी माणसाची पावलं उमटणारच, हे मला सुचलं नाही. अलीकडे, माझ्या बाजूला, मी वळून बघितलंसुद्धा नाही. डोकं असं भणाणलं होतं की वाटेत भेटलेल्या बाईला मी ओळख दिली नाही.

शास्त्र सांगतं, भावाने अपराध केला तर आधी एकटा त्याच्याकडे जा. हे मीच बायकांना शिकवलं होतं. राहेलचं घर माझ्या घरापासून वीस पावलांवर होतं. मी गेले नाही. खरं सांगायचं तर जायचं नव्हतंच. ती काहीतरी सांगेल आणि माझा राग विझेल, याची मला भीती होती. त्या वेळी मी त्याला रागही म्हणत नव्हते, न्याय म्हणत होते.

दुपारी सभा भरली. योहानबांनी नेहमीचं विचारलं, "कोनाच्या मनात कोनाबद्दल काई हाय काय? असन तं आताच सांगा. उद्या देवाच्या मेजाजवळ ते घेऊन येऊ नका."

एरवी या प्रश्नावर कोंबड्यांची आणि शेणाची भांडणं निघायची. त्या दिवशी मी उठले. माझ्या शुद्ध भाषेत, आवाज न चढवता, मी सगळं सांगितलं. पाणी गुरुवारचं, भगदाड शनिवारचं, पावलांचे ठसे. "मला पाण्याचं दुःख नाही," असंही म्हणाले, "आमच्या बहिणीच्या आत्म्याचं आहे." हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

राहेल बसल्या जागी म्हणाली, "मी पानी नाई चोरलं."

"मंग तुया बांधीत पानी आलं कुठून?" योहानबांनी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "धुऱ्याले विचारा."

लोकांना तो उद्धटपणा वाटला. कोणी म्हणालं नाही की चला, जाऊन बघू. शेत अर्ध्या कोसावर होतं, ऊन होतं, संध्याकाळी पाळकसाहेब यायचे होते. आणि मुख्य म्हणजे मास्तरीणबाई खोटं बोलणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मी खोटं बोलतही नव्हते, एवढंच काय ते. योहानबांनी बिल्ले वाटले. राहेलपाशी आले तेव्हा त्यांनी हात मागे घेतला आणि पुढच्या बाईकडे गेले. राहेलने पुढे केलेला तळवा हळूच मिटून मांडीवर ठेवला.

रविवारी भाकर मोडायच्या आधी ती उठून गेली. सासू तिच्या मागे. म्हातारीकडे बिल्ला होता, तरी ती गेली. मी मान खाली घालून प्रार्थना करत होते. कसली, ते आता आठवत नाही.

सोमवारी सकाळी मी शेतावर गेले आणि धुऱ्याच्या टोकाशीच थांबले. माझ्या बांधीत पाणी होतं. राहेलची बांधी कोरडी होती. दोघी सासूसुनांनी रविवारी, आम्ही आत गाणी म्हणत होतो तेव्हा, रॉकेलच्या डब्याला दोन बाजूंनी दोऱ्या बांधून, झोके देत देत, ते सगळं पाणी वर माझ्या बांधीत उपसून टाकलं होतं. डबा धुऱ्यावर जिथे आपटला होता तिथली माती उडालेली दिसत होती. पुढे योहानबांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की बाईने प्रभूचा दिवसही पाळला नाही, रविवारी काम केलं.

भगदाड त्यांनी खालच्या बाजूने बुजवलं होतं. मी धुऱ्यावर चढले. आठ-नऊ दिवसांनी पहिल्यांदा टाच दाबत चालू लागले. मध्यावर, गवताच्या एका ठोंब्यापाशी, पाय पोटरीपर्यंत आत गेला. गवत बाजूला केलं. माझ्या बाजूला, माझ्या पाण्याच्या रेषेशी, बिळाचं तोंड होतं. त्याच्या भोवती खेकड्याने काढलेल्या चिखलाच्या गोळ्या होत्या, पार वाळून पांढऱ्या पडलेल्या. चार-पाच दिवसांच्या तरी असतील. गुरुवारी मी पाणी भरलं तेव्हाही त्या तिथे होत्या.

मी काय केलं ते सांगते. मी आधी आजूबाजूला पाहिलं. मग चिखल काढला, गवताचा बोळा केला, बीळ ठासून बुजवलं, वरून टाचेने दाबलं, त्या गोळ्या पाण्यात सरकवल्या आणि हात धुतले. घरी जाऊन स्वयंपाक केला. मास्तर जेवताना म्हणाले, "आज मीठ जास्त पडलं."

कारणं भरपूर होती. पाळकसाहेब निघून गेले होते, आता सांगून काय होणार. मास्तरांच्या अब्रूचा प्रश्न होता. वर्गातल्या बायकांचा माझ्यावरचा विश्वास उडाला असता आणि देवाच्याच कामाचं नुकसान झालं असतं. नाताळात पुन्हा सभा आहे, तेव्हा सांगू. एकेक कारण असं सात्त्विक होतं की मला त्यांच्यात खोट दिसेना. आत्मपरीक्षेच्या नावाखाली मी तोवर जे करत आले होते ते एवढंच. मला शोभतील अशी पापं निवडायची, थोडी अधीरता, थोडा आळस, प्रार्थनेत मन न लागणं, आणि ती देवापुढे मांडायची. जिथे टाच रुतेल तिथून मी चाललेच नव्हते.

परवाच सून शेजारणीबद्दल तक्रार घेऊन आली. विहिरीवर तिने म्हणे मुद्दाम आमचा दोर तोडला. सगळा पुरावा तिच्यापाशी होता. मी विचारलं, "आपला दोर शेवटचा कधी पाहिला होतास?" ती रुसली. तिला वाटतं, सासू म्हातारपणी मवाळ झाली आहे, कोणाचीही बाजू घेते. हल्ली सगळीकडे तेच चाललंय. राज्य आपलं होणार म्हणतात, आणि जो तो दुसऱ्याने काय केलं याची यादी घेऊन उभा आहे. मी मुलाच्या वर्तमानपत्रातले मथळे वाचते आणि घडी घालून ठेवते. मला बोलायचा अधिकार नाही.

त्या वर्षी माझ्या बांधीत दाणा भरला. राहेलचा धान दुरून चांगला दिसायचा, ताठ उभा. भरलेली लोंब वाकते. तिची वाकली नाही.

कार्तिकात मानमोडी आली. आधी स्टेशनावरून बातमी आली, मग ताप आला. टोलीत घरटी एक तरी माणूस पडलं. पिकलेला धान उभा होता आणि कापायला हात नव्हते. राहेल पडली आहे हे कळलं तेव्हा मी पेज घेऊन गेले. त्या सोमवारनंतर तिच्या उंबऱ्याच्या आत मी पहिल्यांदाच जात होते. सासू अंगणात होती. राहेल गोधडीत, ओठ सुकलेले, गाल लाल.

"काऊन वो, आज इकडं?" ती म्हणाली. रागाने नाही, सवयीने.

मी तिला दोन घोट पेज पाजली. मग म्हणाले, "राहेल, बीळ माझ्या बाजूला होतं."

"मले ठाऊक होतं." तिला धाप लागत होती, ती थांबून थांबून बोलत होती. "तू बुजवून रायली होती तवा मी खालून गवत घेऊन येत होती. पायलं मी तुले."

मला वाटलं जमीन आत घेईल तर बरं. "मग तू का नाही सांगितलंस?"

"मी सांगून काय? तू सांगशीन म्हनलं. आज येईन, उद्या येईन. लय वाट पायली वो."

"नाताळात सांगते. सगळ्यांसमोर सांगते."

"सांगजो," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

तिसऱ्या दिवशी ती गेली. नाताळाला सहा आठवडे होते. मी त्याच दुपारी योहानबांच्या दारात उभी राहून सांगू शकले असते. त्यांच्या घरीही ताप होता, हे खरं. पण त्यांना ऐकू येत होतं. तिच्या मातीवर गाणं झालं नाही, तेव्हा कोणाच्याच मातीवर होत नव्हतं. चार माणसं मिळाली, हेच खूप. मी तिथे होते. मूठभर माती मीही टाकली.

नाताळाच्या आधीच्या शनिवारी सभा भरली. टोलीतली नऊ माणसं कमी झाली होती. योहानबांनी विचारलं, कोणाच्या मनात काही आहे का, आणि मी उठले. या वेळी पाळकसाहेबही बसले होते. मी सगळं सांगितलं. बीळ, वाळलेल्या गोळ्या, बुजवणं, एवढे दिवस लपवणं. शुद्ध भाषा त्या दिवशी मला साथ देईना, शब्द मध्येच तुटत होते. मला वाटलं होतं, उठवतील, बाहेर काढतील. मला तेच हवं होतं.

तसं काही झालं नाही. योहानबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाळकसाहेब म्हणाले की असं धैर्य मंडळीत पाहून त्यांना आनंद झाला, की हीच खरी आत्मपरीक्षा. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. बायकांनी मला जवळ घेतलं. मास्तर खाली बघत होते, पण शेवटी तेही आमेन म्हणाले. आणि माझ्या हातात बिल्ला आला. चूल पेटायला लागतो तेवढाही वेळ मला क्षमा मिळायला लागला नाही. जिने काही केलं नव्हतं तिला तो मिळाला नव्हता, आणि जिने सगळं केलं तिला मिळाला. माझं कौतुकही झालं. कौतुक ऐकताना मला थोडं बरं वाटलं, हेही लिहून टाकते, कारण ते खरं आहे.

योहानबा म्हणाले की राहेलवरचा ठपका आता पुसला गेला असं सगळ्यांनी समजावं. मला वाटलं, हे तिच्या घरी तरी कळायला हवं. सभेतून मी थेट तिकडे निघाले. म्हातारी मंडळीत येईनाशी झाली होती. ती अंगणात सूप घेऊन बसली होती, त्या वर्षीचा धान पाखडत. सुपातून जवळजवळ सगळंच उडून जात होतं आणि खाली ओंजळभर उरत होतं.

मी तिच्यासमोर बसले. म्हणाले, "माय, मी सगळ्यांसमोर सांगितलं. राहेलने पाणी चोरलं नव्हतं. चूक माझी होती. पाळकसाहेबांनी ऐकलं, योहानबांनी ऐकलं, सगळ्या मंडळीने ऐकलं. तिचं नाव आता साफ झालं."

तिने सूप मांडीवर टेकवलं. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे, दाराकडे पाहिलं, तिथे कोणी उभं आहे का ते.

"हे आता कोनाले सांगून रायली वो बाई?" तिने विचारलं.

ती रागावली नव्हती. ही बातमी घेऊन मी कोणाकडे आले आहे, ते तिला खरंच कळत नव्हतं.